सरसकट ‘बंद’ म्हणण्यातला आळस

औषधाच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा पट्टीतून दहा गोळ्या कात्रीने कापतो, कागदी पाकिटात टाकतो, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करतो आणि वर न बघताच सांगतो, ‘अँटिबायोटिक आहे, पाच दिवस घ्यायची नाही.’ काय घ्यायची नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. डॉक्टर हेच सांगतात, घरातले थोरले हेच सांगतात, वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतही हेच छापून येतं. इतक्या तोंडांनी सांगितलेली गोष्ट खरीच असणार, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की आहे त्या सरसकट रूपात ती खरी नाही. मोजक्या औषधांबाबत ती अगदी खरी आहे, काहींबाबत अर्धवट खरी आहे, आणि आपल्याकडे रोज खपणाऱ्या बऱ्याच प्रतिजैविकांबाबत तिला आधारच सापडत नाही. खोट्याने कुणाचं भलं होत असतं तर तिकडे काणाडोळा करता आला असता. पण या खोट्याची किंमत आजारी माणूस मोजतो. शनिवारी ‘बसायचं’ ठरवलेला माणूस बसायचं रद्द करतोच असं नाही. पुष्कळदा तो त्या रात्रीची गोळी रद्द करतो, आणि वर आपण पथ्य पाळलं या समाधानात झोपतो.

त्या एका वाक्यात तीन वेगळे दावे कालवलेले असतात. दारूने औषध निकामी होतं, हा पहिला. औषध आणि दारू शरीरात एकत्र आली की माणसाला रिअॅक्शन येते, हा दुसरा. दोन्हींचा भार लिव्हरवर पडतो, हा तिसरा. लोकांच्या मनात घट्ट बसलेला आहे तो पहिला. लंडनमधल्या लैंगिक आजारांच्या एका दवाखान्यात 300हून अधिक रुग्णांना विचारलं, तेव्हा दारूमुळे अँटिबायोटिक काम करत नाही असं 81 टक्क्यांनी सांगितलं. ती पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. आणि पुरावा सगळ्यांत दुबळा आहे तो याच दाव्याचा. अमॉक्सिसिलिनबरोबर मद्य देऊन रक्तातलं औषध मोजण्याचा प्रयोग झालेला आहे. औषध रक्तात उतरायला थोडा उशीर लागतो, उतरतं मात्र तेवढंच. अमेरिकेतल्या औषधतज्ज्ञांनी 2020 साली ‘अँटिमायक्रोबियल एजंट्स अँड केमोथेरपी’ या नियतकालिकात तोवरचा पुरावा चाळून एक आढावा लिहिला. पेनिसिलिनच्या कुळातल्या पोटात घ्यायच्या गोळ्या, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लोक्सासिन आणि तिची भावंडं, लघवीच्या जळजळीसाठी दिली जाणारी नायट्रोफ्युरँटॉइन, या कुणाचंच मद्याशी वाकडं असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. घसा, दाढ, छाती, लघवी यांच्या तक्रारींसाठी गल्लीतल्या दवाखान्यात जी चिठ्ठी हातात पडते, तिच्यावरचं अँटिबायोटिक बहुधा यांतलंच असतं.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याचं शरीर हे औषध लवकर संपवून टाकतं, आणि नेहमीची मात्रा त्याला अपुरी पडू शकते. मुंबईत अतिवृष्टीनंतर साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून महापालिका डॉक्टरांच्या सल्ल्याने हेच औषध घ्यायला सांगते, तेही 72 तासांच्या आत. आता यात सावध कुणाला करायला हवं? सणासुदीला एखादी बिअर घेणाऱ्याला नव्हे. गुडघाभर पाण्यातून हातगाडी ओढून रोज संध्याकाळी देशीच्या दुकानात जाणाऱ्याला. आपला सरसकट नियम दोघांना एकच वाक्य ऐकवतो. पहिला घाबरून ‘आज झाली आहे, डॉक्सी उद्या बघू’ म्हणतो. दुसऱ्याला त्याच्या पिण्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

ही समजूत आली कुठून, याच्या दोन हकिकती आहेत. पहिली ब्रिटनमध्ये सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन इतकं दुर्मीळ होतं की रुग्णाच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा वापरत. ऑक्सफर्डला 1941 साली पहिल्या रुग्णासाठी हे केलं गेलं, याची नोंद आहे. पुढे उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर जखमी सैनिकांना बिअर मिळायची, बिअरने लघवी वाढायची आणि औषध काढणं जिकिरीचं व्हायचं, म्हणून अधिकाऱ्यांनी बिअर बंद केली, असं म्हणतात. हा पुढचा भाग ऐकीव आहे, मी त्यावर इमारत उभी करणार नाही.

दुसरी हकिकत जास्त भक्कम आहे. डेन्मार्कमध्ये 1940च्या दशकात जंतांवरचं औषध शोधणाऱ्या संशोधकांनी डिसल्फिराम नावाची गोळी स्वतः घेऊन पाहिली आणि मद्य घेतल्यावर त्यांची वाईट अवस्था झाली. मद्य शरीरात मोडताना अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं, त्याचा पुढचा निचरा डिसल्फिराम अडवतं. मग चेहरा लालबुंद होतो, डोकं फुटायला लागतं, छाती धडधडते, उलट्या सुटतात, रक्तदाब कोसळतो. दारू सोडवण्यासाठी हे औषध पुढे जगभर वापरलं गेलं. 1960च्या दशकात मेट्रोनिडाझोल, म्हणजे आपल्या घरोघरी जुलाबासाठी ठाऊक असलेली फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल, असाच परिणाम करते असे काही अहवाल आले, आणि तिच्या पाकिटावर इशारा छापला गेला. तो इशारा पाकिटावरून लोकांच्या तोंडी गेला आणि तोंडातोंडी सगळ्या अँटिबायोटिकना चिकटला.

त्या मुळातल्या इशाऱ्याचीही पुढे तपासणी झाली. फिनलंडमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 12 निरोगी पुरुषांपैकी निम्म्यांना मेट्रोनिडाझोल आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी देऊन सगळ्यांना मद्य पाजलं. कुणाला काय दिलंय हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. रक्तात अॅसिटाल्डिहाइड वाढलं नाही, आणि त्रासाच्या तक्रारीतही दोन गटांत फरक दिसला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने लैंगिक आजारांच्या उपचारांबद्दल 2021 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मेट्रोनिडाझोल घेताना मद्य वर्ज्य करण्याची गरज नाही, असं स्पष्ट म्हटलं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा मात्र अजूनही कोर्स चालू असताना आणि नंतर दोन दिवस पिऊ नका, असंच सांगते. माझा कल इथे सावधगिरीकडे आहे. बारा जणांच्या एका प्रयोगाने जुने सगळे अहवाल खोटे ठरत नाहीत, आणि पाच-सात दिवस न पिण्यात कुणाचं काही जात नाही. पण जिथे जाणकारांतच दुमत आहे, त्या एका औषधाच्या जोरावर इतर पन्नास औषधांना दम देणं, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

उलट, जिथे धोका खरा आहे तिथे आपलं वाक्य पोचतच नाही. सेफोपेराझोन हे इंजेक्शन आपल्या इस्पितळांत सर्रास शिरेतून दिलं जातं, बहुतेक वेळा सल्बॅक्टमच्या जोडीने. त्याच्या रेणूला एक अशी शेपटी आहे की ती डिसल्फिरामसारखंच काम करते. ही रिअॅक्शन ऐकीव नाही, आणि शेवटच्या इंजेक्शननंतरही निदान तीन दिवस मद्य टाळायला हवं. आता विचार करा: रुग्णाने त्या औषधाचं नाव ऐकलेलं नसतं, बाटली सलाइनच्या स्टँडला लटकत होती, गोळ्यांचं पाकीट हातात पडलंच नाही. डिस्चार्जच्या कागदावर ते नाव इंग्रजीत, आठव्या ओळीत असतं. बरा होऊन घरी आलेल्या माणसाला मित्र भेटायला येतात आणि बाटली उघडतात. ‘गोळ्या चालू आहेत का?’ ‘नाही, संपलं सगळं.’ नियम ज्याला वाचवायला हवा होता, तोच नेमका नियमाच्या बाहेर राहतो. लिनेझोलिडचंही तेच. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीसाठी आपल्या सरकारी कार्यक्रमाने 2024मध्ये जी नवी, कमी मुदतीची उपचारपद्धती मंजूर केली, तिच्यात हे औषध आहे. त्याच्याबरोबर नळाची ताजी बिअर किंवा रेड वाइन घेतली तर त्यांतल्या टायरामिनमुळे रक्तदाब एकदम चढू शकतो. इथे मद्याची जातसुद्धा महत्त्वाची ठरते, आणि ‘घ्यायची नाही’ या चोपड्या वाक्यातून ती कधीच कळत नाही.

सरसकट नियमाच्या बाजूने पहिला बचाव असा असतो की नियम चुकला तरी सुरक्षित बाजूने चुकतो. चार दिवस दारू सुटली तर बिघडलं काय? बिघडतं ते असं की माणसं नियम ऐकून काय करतात, हे या बचावात गृहीतच धरलेलं नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या आणि मद्यही पिणाऱ्या 178 लोकांचा पाठपुरावा करून 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारू आणि गोळ्या एकत्र आल्या की विष होतं, या समजुतीने आपण पिण्याच्या दिवशी गोळ्या बंद ठेवतो, असं त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी सांगितलं. दारू प्यायल्याने गोळी विसरली, असं ते म्हणत नव्हते. त्यांनी ती जाणूनबुजून, काळजीपोटी टाळली होती. कुणी म्हणेल, ती औषधं वेगळी. औषधं वेगळी असतील, हिशेब तोच आहे. ‘दोन्ही एकत्र नको’ असं ऐकलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, आणि त्यांतली कोणती सोपी हे पिणाऱ्याला विचारा.

घसादुखीच्या पाच दिवसांत एखादी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, हे मान्य. पण टीबीचं तसं नाही. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या टीबीचा कोर्सही सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. यांतली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात, आणि रोज पिणाऱ्याला हा धोका खरोखर जास्त असतो. तिसरा दावा इथे पूर्णपणे खरा आहे, आणि टीबीच्या रुग्णाला दारू सोडायला सांगणं हे आरोग्य कर्मचाऱ्याचं कामच आहे. मात्र सोडायला सांगितलं म्हणजे सुटली, असं समजून पुढचं न बोलणं घातक आहे. गणपतीत, शिमग्याला, पगाराच्या दिवशी पाय घसरला तर काय करायचं, हे रुग्णाला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो आपल्या अकलेने दोन दिवस गोळ्या ठेवून देतो, तिसऱ्या दिवशी आशाताईंना तोंड दाखवायची लाज वाटते, आणि खाडा लांबत जातो. अशा वारंवारच्या खाड्यांतून औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो, आणि तो मग घरातल्या न पिणाऱ्यांनाही लागतो. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण 2012च्या सुमारास जगापुढे मांडले, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. अर्धवट आणि चुकीचे उपचार यांची वर्षानुवर्षांची साखळी त्यामागे होती.

दुसरा बचाव साधेपणाचा. सामान्य माणसाला सेफोपेराझोन आणि सेफिक्झिममधला फरक कसा कळणार, म्हणून एकच नियम बरा. पण फरक कळायला हवा तो चिठ्ठी लिहिणाऱ्याला, आणि त्याला तो कळतो. रुग्णाला यादी पाठ करायची नाही. त्याला आज दिलेल्या एका औषधाबद्दल एक वाक्य हवं आहे. गंमत अशी की हाच साधेपणा दुसऱ्या बाबतीत कुणी दाखवत नाही. सिप्रोफ्लोक्सासिन दुधाबरोबर घेतली तर रक्तात उतरणारं औषध सुमारे एक तृतीयांशाने घटतं. हे मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि दह्याचंही तसंच आहे. कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्या आणि अॅसिडिटीची पातळ औषधं तर सिप्रो आणि डॉक्सी दोन्हींना आणखी अडवतात. तरी आपल्या घरांत काय चालतं? ‘गोळी उष्ण पडते, दुधाबरोबर घे.’ ज्या पेयाने गोळीची ताकद खरोखर कमी होते ते आई हाताने देते, आणि ज्याने होत नाही त्यावर दवाखान्यापासून दुकानापर्यंत सगळे पहारा देतात. केमिस्टने पाकिटावर तोच पेन फिरवून ‘दुधाबरोबर नको’ असं लिहिलं, तर त्या दहा गोळ्यांचं जास्त चीज होईल.

त्याच पाकिटातल्या इतर गोळ्यांकडेही बघायला हवं. आपल्याकडे अँटिबायोटिक एकटं क्वचितच येतं. सोबत तापाची पॅरासिटामॉल असते, अंगदुखीची डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅक असते, सर्दीसाठी झोप आणणारी एखादी गोळी असते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या लिव्हरला जास्त मात्रेतली पॅरासिटामॉल झेपत नाही. दुखण्यावरच्या गोळ्या आणि दारू मिळून जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. सर्दीच्या गोळीवर दोन पेग घेऊन मोटरसायकल चालवणाऱ्याचं काय होतं, हे सांगायला फार्माकॉलॉजी लागत नाही. हे तीनही धोके अझिथ्रोमायसिन आणि दारूच्या कथित वैरापेक्षा कितीतरी पक्के आहेत, आणि यातली एकही गोळी अँटिबायोटिक नाही. कोर्स संपला, आता चालेल, असं म्हणून त्याच रात्री बसणारा माणूस सर्दीची गोळी घेतच असतो. शिवाय मद्य फक्त बाटलीतून येतं असंही नाही. बाळंतिणीला दिलं जाणारं दशमूलारिष्ट, भूक लागावी म्हणून घेतलं जाणारं द्राक्षासव, यांच्या लेबलवर आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. सिझेरियननंतर मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या बाईला ‘दारू नको’ असं कुणी सांगणार नाही, सांगितलं तर घरातले भडकतील. आणि तिच्या उशाशी अरिष्टाची बाटली आहे का, हेही कुणी विचारणार नाही.

राहिला नैतिक आक्षेप: असं लिहिणं म्हणजे पिणाऱ्यांना मोकळीक देणं. दारूविरुद्ध बोलायला खऱ्या कारणांचा तुटवडा नाही. मद्याची कुठलीच मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023मध्ये जाहीर केलं. ताप असताना प्यायलं तर शरीरातलं पाणी घटतं, झोप बिघडते, उलट्या-मळमळ वाढते, दुखणं लांबतं. हे सगळं खरं आहे, आणि एवढंच सांगितलं तरी आजारपणात न पिण्याला कारण पुरतं. खोट्या कारणाची अडचण ही की ते उघडं पडतं. अझिथ्रोमायसिनवर क्वार्टर मारून सकाळी ठणठणीत उठलेला माणूस पुढच्या वेळी डॉक्टरचं कोणतंच ‘बंद’ मनावर घेत नाही, आणि ती पुढची वेळ सेफोपेराझोनची असू शकते.

सरसकट बंदीचं सगळ्यांत मोठं नुकसान मात्र आणखी वेगळं आहे. ती प्रश्न विचारण्याची गरजच संपवते. ‘घ्यायची नाही’ म्हटलं की ‘किती घेता?’ हे विचारावं लागत नाही. ज्याला दारूचं व्यसन जडलेलं आहे, त्याने न्यूमोनियासाठी भरती झाल्यावर एकाएकी बंद केली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. उपचार न झाल्यास यात माणूस दगावतो. अशा रुग्णाला बंद करायला सांगण्याआधी त्याच्या पिण्याचा हिशेब डॉक्टरला हवा, म्हणजे तो त्यावरचं औषध आधीच सुरू करू शकतो. आपल्या राज्यात हा हिशेब मिळणं आधीच कठीण आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे खरं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. इतरत्रही कायद्याने प्यायला परवाना लागतो, आणि प्रकृतीचं कारण दाखवून तो मिळतो, ही आपल्या दारूबंदी कायद्यातली जुनी थट्टा आहेच. त्यात खाटेशेजारी बायको आणि सासरे उभे असताना ‘तुम्ही पिता का हो?’ असं विचारल्यावर ‘छे छे’ याखेरीज काय उत्तर येणार?

म्हणून डॉक्टरांकडे मागणं थोडंच आहे. नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवून किती आणि कधी, एवढं विचारा. ज्या औषधाला मद्य चालत नाही त्याच्यासमोर मराठीत तसं लिहा, किती दिवस तेही लिहा. जिथे लागू नाही तिथे लिहू नका. इंजेक्शन सेफोपेराझोनचं असेल तर डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यांत वर लिहा. आणि वाचकहो, कोर्स चालू असताना प्यायली गेलीच, तर पुढची गोळी आपल्या मनाने चुकवू नका, ज्यांनी दिली त्यांना फोन करून विचारा. टीबीचे रुग्ण असाल तर आरोग्य केंद्रातल्या ताईंना त्याच दिवशी खरं सांगा. त्यांना राग आला तरी गोळ्या देणं त्या थांबवणार नाहीत. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, तिला घाबरायचं कारण नाही. डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, उलट्या थांबेनात, तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.